थ्रोला ऑफसाइड नसतो

पहिल्याच थ्रोला मुबारकनं बॉल धरला. डोक्यानं मारायचा बॉल त्यानं उंच उडी घेऊन दोन्ही हातांनी झेलला, छातीशी कवटाळला आणि आता कोणीतरी टाळ्या वाजवणार अशा थाटात उभा राहिला.

"मुल्लाणी!" पाटोळे सरांनी शिट्टी जमिनीवर आपटली. "अरं, तू आता गोलकीपर न्हाईस! फॉरवर्ड हाईस, फॉरवर्ड! हात लावायचा न्हाई!"

"चुकून लागला सर. सवय हाय."

"आता दुसरी सवय लाव."

पुढच्या थ्रोलाही त्यानं बॉल धरला. त्याच्या पुढच्यालाही. बचावातली पोरं पोट धरून हसायला लागली. मी हसलो नाही. मला राग आला होता, पण मुबारकचा नव्हे. मैदानाच्या कठड्यावर पाय सोडून चहा पीत बसलेल्या रणजित इंगवलेचा आला होता.

रणजित आमच्या कॉलेजचा फॉरवर्ड. खरा फॉरवर्ड. बॉल त्याच्या पायाला आला की चिकटायचा, आणि दोघातिघांना चकवून गोलात गेल्याशिवाय सुटायचा नाही. त्याच्या जोडीला कॉलेजात आणखी दोन चांगले फॉरवर्ड होते. तिघंही सिद्धोबा तालमीचे. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत आणि तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत. तिथला पोरगा आधी तालमीचा असतो, मग कॉलेजचा, आणि वेळ उरलाच तर आईबापांचा. त्या वर्षी तालमींची लीग आणि आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एकाच वेळी आली. सिद्धोबाच्या वडीलधाऱ्यांनी फर्मान काढलं, की लीग संपेपर्यंत आमच्या पोरांनी कॉलेजसाठी खेळायचं नाही. पाय मोडला तर जबाबदार कोण? झालं, आमचे तिन्ही फॉरवर्ड एका दिवसात गेले. रणजित मात्र रोज सरावाला यायचा, कठड्यावर बसायला.

"मगदूम," त्यानं मला हाक मारली, "तुमचा फॉरवर्ड झेल लई भारी घेतोय. क्रिकेटला पाठवा की त्याला."

"खाली उतर, मग सांगतो."

"तालमीची परवानगी न्हाई भावा," तो म्हणाला आणि चहाचा घोट घेतला.

सरांकडं उरलं होतं काय? मागं राहून पाय घालणारे बचावपटू, मध्ये धावणारी दोन-तीन पोरं, दोन गोलकीपर आणि मी. मुबारक त्यातला दुसरा गोलकीपर, म्हणजे बाकावरचा. कॉलेजात आल्यापासून त्यानं एकही सामना खेळला नव्हता. पाण्याच्या बाटल्या भरायच्या, जाळी बांधायची, पहिल्या गोलकीपरचे ग्लोव्हज धरायचे. पण तो ताडमाड उंच होता आणि गर्दीत घुसून उडी मारायला घाबरत नव्हता. माझं म्हणाल तर मी कागलकडचा. गावात फुटबॉल कुणी बघितलाही नव्हता. मी होस्टेलवर आल्यावर खेळायला शिकलो आणि सरळ पास द्यायला तर कधीच शिकलो नाही. पण दोन्ही हातांनी डोक्यावरून बॉल टाकायचा म्हटलं की माझा बॉल गोलाच्या तोंडात जाऊन पडायचा. लहानपणापासून मी कडब्याच्या पेंड्या गंजीवर उभ्या असलेल्या चुलत्यांकडं फेकत आलो होतो. गंज उंच होत जायची तशी पेंडी जास्त जोरानं फेकावी लागायची, नाहीतर वरून शिव्या यायच्या.

सरांनी ते हेरलं. एका संध्याकाळी आम्हाला गोल बसवून ते म्हणाले, "थ्रोला ऑफसाइड नसतो, माहीत हाय काय कुणाला?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"लाइनबाहेरनं हातानं टाकलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. म्हंजे आपला माणूस त्यांच्या गोलकीपरच्या नाकाम्होरं जाऊन उभा राहिला, तरी रेफ्री काय करू शकत न्हाई. आपल्याला चकवणं येत न्हाई, पासिंग येत न्हाई, लांबनं शॉट येत न्हाई. ठीक हाय. बॉल त्यांच्या बाजूला कुठंबी लाइनबाहेर घालवा. मगदूम टाकंल. मुल्लाणी डोकं घालंल. बाकीच्यांनी गर्दी करायची."

"आन् मी धरला तर?" मुबारकनं विचारलं.

सरांनी खिशात हात घातला. त्यांना सुपारीचं व्यसन होतं, खिशात अडकित्ता आणि सुपाऱ्या कायम. त्यांनी दोन अख्ख्या सुपाऱ्या काढल्या आणि मुबारकच्या एकेका तळहातावर ठेवून त्याच्या मुठी मिटल्या.

"मूठ उघडायची न्हाई. सुपारी पडली तर अख्ख्या टीमला मिसळ तुझ्याकडनं."

त्या दिवशी मुबारकनं आम्हाला मिसळ चारली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी टाकलेला बॉल त्याच्या कपाळावर असा बसला, की मागच्या जाळीतून धूळ उडाली. मुबारकनं आधी आपल्या मुठी बघितल्या. मिटलेल्याच होत्या. मग तो मैदानभर नाचत सुटला.

अशी आमची चढाई तयार झाली. मी सांगतो, ती दिसायला घाणेरडी होती. सामन्यात आम्ही बॉल उडवायचो, लाइनबाहेर घालवायचो, मग मी टॉवेलनं बॉल पुसून मागं सरायचो, धावत येऊन टाकायचो आणि गोलाच्या तोंडात ढकलाढकली व्हायची. पहिला सामना आम्ही एका गोलनं जिंकला. स्टेडियममध्ये लोक "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" असा घोष करायला लागले. कोल्हापूरचं पब्लिक! एकवेळ हरलेलं चालेल, पण खेळ बघणेबल पाहिजे. आमच्याच कॉलेजची पोरं आम्हाला हसत होती. मुबारकचा ओठ फुटला होता, बरगड्यांत कोपरं बसली होती आणि तरी त्याच्या मुठीत दोन सुपाऱ्या होत्या. त्याच्यासाठी कुणी एक टाळी वाजवली नाही.

दुसरा सामना तसाच जिंकला. उपांत्य सामना तसाच. कॉलेज कित्येक वर्षांनी अंतिम फेरीत गेलं आणि तिन्ही गोल मुबारकच्या डोक्याचे होते.

उपांत्य सामन्यानंतर तो माझ्या खोलीवर आला. नाक सुजलेलं होतं.

"मगदूम, अब्बा येणार हाईत फायनलला."

त्याचे वडील सिटीबसवर ड्रायव्हर होते. पोरगा फुटबॉल खेळतो हे त्यांना ऐकून माहीत होतं. बाकावर बसणाऱ्याला बघायला कोण येणार? म्हणून मुबारकनंही त्यांना कधी बोलावलं नव्हतं.

"ड्युटी बदलून घेतलीय त्येंनी. त्येंला फुटबॉलमधलं काय कळत न्हाई बघ. म्हणाले, तू गोलकीपर हाईस न्हवं? म्हटलं, या तर खरं, बघाल." तो हसला आणि लगेच सुजलेलं नाक धरून बसला. "एक चांगला टाक माझ्यासाठी. बास."

"एक कशाला, चार टाकतो," मी म्हणालो.

आणि नेमकी त्याच आठवड्यात सिद्धोबा तालीम लीगमधून बाहेर पडली. सपशेल हरली. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सरावाला आलो, तर रणजित इंगवले कठड्यावर नव्हता. मैदानाच्या मधोमध उभा होता, कोरे मोजे, चकाचक बूट. बॉल पायावर खेळवत होता.

सरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. माझ्याकडं आणि मुबारककडं न बघता म्हणाले, "उद्या म्होरं रणजित. मुल्लाणी बदलीत."

मुबारकनं मान हलवली. मुठी सोडल्या आणि बाटल्या भरायला नळावर गेला. त्याचं ते मुकाट नळावर जाणं बघून माझं डोकं फिरलं. मी सरांच्या मागोमाग सामानाच्या खोलीत गेलो.

"सर, हे बरोबर न्हाई."

"तू शिकवणार मला?"

"तीन सामने कुणी जिंकून दिलं? तवा हा चहा पीत बसला हुता! आता तालीम हरली म्हणून कॉलेज आठवलं हेला?"

"आवाज खाली."

"त्येचे वडील येणार हाईत उद्या."

सरांनी अडकित्ता काढला, सुपारी कातरायला लागले. मग म्हणाले, "वसंत, मी तालमीकडनं खेळायचो तवा लोक माझ्यासाठी उन्हात बसायचं. मी ड्रिबल करायला लागलो की आख्खं स्टेडियम उभं राहायचं. आन् आता त्याच स्टेडियमात मी शिकवलेल्या पोरांला बघून लोक कबड्डी म्हणून वरडत्यात. माझ्याबरोबर खेळलेली माणसं माझ्याम्होरं हसत्यात. नाइलाज हुता म्हणून केलं. आता खेळाडू हाय, तर एकदा तरी फुटबॉल खेळू दे की मला."

म्हणजे त्यांना आमची लाज वाटत होती. त्यांनीच शोधलेली युक्ती, त्यांनीच घोटून घेतलेली, आणि तिच्यावर फायनल गाठल्यावर त्यांना तिची लाज वाटत होती. मला तालमीचा राग होता, रणजितचा होता, पण त्या क्षणी सरांचा जेवढा आला तेवढा कुणाचाच आला नव्हता. मी दार आपटून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी स्टेडियम भरलेलं होतं. सिद्धोबाची पोरं रणजितच्या नावानं बोंबलत होती. मुबारकचे वडील मला लांबूनच ओळखू आले. खाकी वर्दीत, तसेच ड्युटीवरून आलेले, गर्दीत एकटेच ताठ बसलेले. ते गोलाकडं बघत होते. पोरगा तिथं नाही हे बघून त्यांची नजर सगळं मैदान शोधत फिरली आणि शेवटी बाकावर जाऊन थांबली. मुबारकनं मान खाली घातली होती. मांडीवर मुठी होत्या, मिटलेल्या.

रणजित सुंदर खेळला. खोटं का बोलू? पहिल्याच बॉलला त्यानं दोघांना असं फिरवलं, की पब्लिक उभं राहिलं. पण चकवून झाल्यावर बॉल द्यायचा कुणाला? पुढं धावून बॉल घेणारा आमच्यात कुणी नव्हताच. त्याचे दोन जोडीदार तालीम हरल्याच्या रागानं फिरकलेच नव्हते. तो एकटाच चकवायचा आणि शेवटी चौथ्या माणसाच्या पायात बॉल घालवायचा. पब्लिक हळहळायचं, सर टाळ्या वाजवायचे. तिकडं समोरच्या संघानं एक लांब शॉट मारून गोल केला.

मला थ्रो मिळाला की मी धावत यायचो आणि बघायचो, तर गोलाच्या तोंडात कुणीच नाही. रणजित माझ्यापासून चार पावलांवर उभा.

"पायात दे, पायात!"

"आत जा, डीमध्ये!" मी ओरडलो. "गोलकीपरम्होरं हुबा ऱ्हा!"

"त्या गर्दीत? नाक फोडून घ्यायला? पायात दे म्हणतोय न्हवं!"

मध्यांतराला मी सरांना म्हणालो, "मुबारकला घ्या." सर म्हणाले, "बघू." उत्तरार्ध सरत आला तरी ते बघतच होते. आम्ही एका गोलनं मागं होतो आणि सामना संपत आला होता. तेवढ्यात त्यांच्या कोपऱ्याजवळ आम्हाला थ्रो मिळाला. माझा आवडता कोपरा. तिन्ही गोल तिथूनच झाले होते.

मी टॉवेलनं बॉल पुसला. मागं सरलो. धावत आलो, लाइनीवर थांबलो, बॉल डोक्यामागं नेला आणि तिथंच धरून ठेवला.

"पायात दे!" रणजित.

मी टाकला नाही.

"टाक की लेका!" आमची पोरं.

मी टाकला नाही. रेफ्रीनं शिट्टी मारली, हातानं खूण केली. मी बाकाकडं वळून ओरडलो, "सर, डीमध्ये माणूस न्हाई! माणूस द्या, मगच टाकीन!"

स्टेडियममध्ये एकच हुल्लड उठली. रेफ्री धावत आला आणि त्यानं मला पिवळं कार्ड दाखवलं. "परत वेळ काढलास तर बाहेर," म्हणाला. मी बॉल डोक्यावर तसाच धरून उभा राहिलो. हात भरून आले होते, पण माझ्या अंगात तेव्हा एवढा राग होता, की मी संध्याकाळपर्यंत उभा राहिलो असतो. आजही तसाच राहीन.

सर लाइनीवर आले. तोंड लाल झालं होतं.

"बदली!" ते ओरडले. "मुल्लाणी, ऊठ!"

मुबारक उठला. त्याचे वडील जागेवरच अर्धे उठले. मला वाटलं, जिंकलो.

"बाहेर कोण येणार?" रेफ्रीनं विचारलं.

"मगदूम," सर म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. बॉल टाकणाराच बाहेर काढून बॉल घेणारा आत पाठवणार होते ते. पब्लिक खो खो हसायला लागलं. रणजितही हसला आणि म्हणाला, "जा आता, बस पाणी भरत."

मुबारक लाइनीपर्यंत आला होता. तो थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. मग त्यानं सरांचा हात धरला, आपल्या दोन्ही मुठी त्यांच्या तळहातावर रिकाम्या केल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मगदूम न्हाई तर मला कोण टाकणार सर? मी आत जाऊन काय करू? ह्ये घ्या तुमचं. मी न्हाई जात."

तो जाऊन बाकावर बसला. वडील बघत असताना, आयुष्यातल्या पहिल्या फायनलमध्ये, बोलावणं आलेलं असताना. मुबारकला एवढं चढ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"सर, लवकर सांगा," रेफ्री घड्याळ बघत म्हणाला. "बदली आत आल्याशिवाय बदल पुरा होत न्हाई. कोण आत, कोण बाहेर?"

सर मूठ आवळून उभे होते. त्यांनी गॅलरीकडं बघितलं, जिथं त्यांच्या जुन्या तालमीची माणसं बसली होती. रणजितकडं बघितलं. माझ्या डोक्यावरच्या बॉलकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "इंगवले, बाहेर ये."

रणजितला खरंच वाटेना. सरांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यानं चालताचालता जर्सी काढली आणि सरांच्या पायापाशी फेकली. सिद्धोबाची पोरं शिव्या द्यायला लागली, बाटल्या पडायला लागल्या. सर त्या गोंधळात ओरडले, "पळ मुल्लाणी, पळ!" मुबारक पळाला. सरळ डीमध्ये घुसला, बचावपटूंना खांद्यानं सारत गोलकीपरच्या नाकासमोर जाऊन उभा राहिला. आमची सगळी पोरं त्याच्यामागं धावली.

रेफ्रीनं शिट्टी मारली.

मी मागं सरलो आणि धावत आलो. सगळा राग हातांत उतरला होता. तालमीचा, रणजितचा, सरांचा, कबड्डी म्हणून ओरडणाऱ्या एकेकाचा. असा थ्रो मी आधी टाकला नव्हता, नंतरही टाकला नाही. बॉल उंच गेला आणि नेमका गोलाच्या तोंडात उतरायला लागला.

मुबारक उडाला. सगळ्यांच्या वर. त्यांचा गोलकीपरसुद्धा त्याच्या खांद्याखाली राहिला. बॉल त्याच्या कपाळाशी आला.

आणि त्यानं तो धरला.

दोन्ही हातांनी. छातीशी कवटाळून तो खाली आला आणि पायांवर उभा राहिला. डाग सापडणार नाही इतका स्वच्छ झेल. मग जे हसू फुटलं, ते मी आजही ऐकतो. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. त्यांचा गोलकीपरही हसत होता. रेफ्रीनं तोंड फिरवून शिट्टी मारली.

त्या हसण्यात एकच माणूस उभं राहून टाळ्या वाजवत होता. खाकी वर्दीतला. फुटबॉलमधलं त्याला काही कळत नव्हतं. आपला पोरगा गोलकीपर आहे आणि एवढ्या गर्दीतून त्यानं बॉल धरला, एवढंच त्याला दिसलं होतं. आजूबाजूचे त्याला बघून जास्तच हसत होते आणि तो हात उंच करून टाळ्या वाजवत होता. मुबारक बॉल छातीशी धरून त्याच्याकडंच बघत होता.

आम्ही हरलो. शेवटची शिट्टी झाल्यावर मी आधी गॅलरीच्या जाळीपाशी गेलो आणि जे हसत होते त्यांना नाही नाही ते बोललो. पोरांनी मला ओढून आणलं. मग मी सरांकडं निघालो. त्यांनाही सोडणार नव्हतो. शब्द ओठावर तयार होते.

सर बाकावर बसले होते. शेजारी मुबारक. सरांची उजवी मूठ मघासारखीच आवळलेली होती. मी समोर उभा राहिलो, तशी त्यांनी ती उघडली. घामानं भिजलेल्या तळहातावर दोन सुपाऱ्या होत्या.

"माझ्याकडंच राहिल्या रं," ते म्हणाले. "द्यायच्या राहिल्या."

माझा राग गेला नव्हता. आता तो ठेवू कुठं तेवढं कळेना.

मुबारकनं सरांच्या हातातली एक सुपारी उचलली, दाढेखाली धरली आणि कडकन फोडली. दुसरी उचलून माझ्यापुढं केली.

"खा," म्हणाला.

मी खाल्ली. वडील जाळीपलीकडं वाट बघत उभे होते. आम्ही दोघं चघळत चघळत त्यांच्याकडं निघालो. मागं वळून बघितलं, तर सरांचा तळहात अजून तसाच उघडा होता.